बोटांच्या वाटेवरची भिंत

रस्ता, चौक, रेल्वेस्थानक, रुग्णालय, शाळा अशा सर्वांच्या वावराच्या जागी, बहुधा सार्वजनिक पैशातून आणि त्या जागेचा विचार करूनच जी कलाकृती घडवली जाते, तिला सार्वजनिक कला म्हणतात. संग्रहालयातील कलाकृतीकडे माणूस मुद्दाम जातो, तर ही कलाकृती त्याच्या रोजच्या येण्याजाण्यात त्याला भेटते. अशी भेट केवळ एखाद्या अधिकाऱ्याच्या आवडीवर अवलंबून राहू नये म्हणून अनेक देशांनी बांधकामखर्चाचा ठरावीक हिस्सा कलेसाठी बांधून दिला आहे. फ्रान्सने १९५१ साली एक टक्क्याचा नियम केला तो शाळा-महाविद्यालयांच्या इमारतींपासूनच, आणि न्यूयॉर्क शहराने १९८२ साली तसेच धोरण स्वीकारले. मुंबईत होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या इमारतीसाठी पंडित नेहरूंच्या संमतीने खर्चाचा एक टक्का कलाकृतींकडे वळवला, आणि मकबूल फिदा हुसेन यांच्या भव्य भित्तिचित्रासह आधुनिक भारतीय कलेचा एक मोठा संग्रह तेथे उभा राहिला. या सर्व योजनांच्या मुळाशी एक गृहीत होते, आणि ते इतके स्वाभाविक वाटत होते की ते कोणी बोलून दाखवले नाही : कलाकृतीसमोरून जाणाऱ्याला ती दिसते.

विशेष शाळेत हे गृहीत टिकत नाही. अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर, स्वमग्न, बौद्धिक अक्षमता असलेली किंवा एकाहून अधिक अक्षमता एकत्र असलेली मुले जेथे शिकतात ती विशेष शाळा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अक्षमतेचे २१ प्रकार मानले असून, दृष्टी आणि श्रवण दोन्ही बाधित असण्याचा, म्हणजे बहिरांधत्वाचा, उल्लेख बहुविकलांगतेच्या सदरात स्पष्टपणे केला आहे. महाराष्ट्राला अशा शाळा नव्या नाहीत. अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० साली मुंबईत सुरू केलेली अंधशाळा आजही दादरला चालते, आणि बहिरांध मुलांसाठीची देशातील पहिली संस्था, हेलन केलर इन्स्टिट्यूट, १९७७ साली मुंबईतच स्थापन झाली. शिकवण्याच्या पद्धतींचा येथे शंभर वर्षांहून अधिक अनुभव साठलेला असताना, त्या मुलांच्या भोवतीच्या भिंती, जमिनी आणि अंगणे यांनीही काही सांगावे, हा विचार मात्र फार उशिरा रुजू लागला आहे.

मुलापर्यंत पोहोचण्याच्या वाटा पाचच आहेत असे मानण्याची सवय येथे सोडावी लागते. नजर, कान, त्वचा, नाक आणि जीभ यांच्या जोडीला आणखी दोन जाणिवा सतत काम करत असतात : आतल्या कानात असलेली तोलाची जाणीव आणि स्नायू-सांध्यांतून येणारी शरीरस्थितीची जाणीव, जिच्यामुळे डोळे मिटूनही आपला हात कोठे आहे हे कळते. उतरणीवरून चालताना पोटऱ्यांवर येणारा ताण, खडबडीत फरशीवरून व्हीलचेअर जाताना पाठीत उमटणारी थरथर, उन्हातून सावलीत शिरताना गालाला लागणारा गारवा या सर्व त्या मुलाच्या दृष्टीने बातम्या आहेत. बहुसंवेदी कला म्हणजे या बातम्यांना हेतुपूर्वक आकार देणारी कला, आणि तिचा कस ती किती इंद्रियांना एकदम हाक मारते यावर लागत नाही, तर तिने दिलेली बातमी त्या मुलाला किती स्पष्ट कळते यावर लागतो.

या कसोटीला पुरेपूर उतरलेले एक उदाहरण स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात बेलाहूस्टन उद्यानाजवळ आहे. हेझलवूड ही तेथील शाळा २००७ साली उघडली. वास्तुविशारद अ‍ॅलन डनलॉप यांनी ती आखली. सुमारे ६० मुलांसाठीच्या या शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाला दृष्टी, श्रवण, हालचाल किंवा आकलन यांपैकी किमान दोन बाबतींत अडचण असते. जागेवर आधीपासून उभी असलेली मोठी झाडे राखून इमारत त्यांच्या अवतीभोवती नदीच्या वळणासारखी फिरवली आहे, त्यामुळे रुग्णालयाची आठवण करून देणारा लांबलचक सरळ बोळ तेथे तयारच होत नाही. मधली वाट वळत जाते आणि एका वेळी तिचा थोडाच भाग मुलाच्या वाट्याला येतो. या वाटेच्या कडेने एक भिंत जाते जिला कॉर्कचे, म्हणजे बाटलीच्या बुचाच्या सालीचे, आवरण आहे. तिच्या पोटात सामान ठेवण्याची कपाटे सामावली आहेत आणि तिच्या पृष्ठभागावरून हात फिरवत मूल वर्गापर्यंत जाते. बाहेरच्या बाजूला पाटीच्या दगडाच्या फरश्या आणि लाकूड आहे. कॉर्क हाताला उबदार लागतो, पाटीचा दगड गार आणि कडक. आत आणि बाहेर यांतला फरक असा बोटांनाच कळतो.

कॉर्कची निवड किती अचूक आहे हे समजण्यासाठी अंध मूल भिंतीच्या आधाराने नेमके कसे चालते ते पाहावे लागते. चलनवलनाच्या प्रशिक्षणात या रीतीला ‘ट्रेलिंग’ म्हणतात. मूल भिंतीपासून वीतभर अंतर राखून तिला समांतर उभे राहते, भिंतीकडचा हात कमरेच्या उंचीवर किंचित पुढे धरते, बोटे सैलसर आत वळवते आणि करंगळी व अनामिका यांची मागची बाजू भिंतीवरून हलकेच सरकवत पुढे निघते. बोटांची टोके पुढे ठेवली तर ती दाराच्या चौकटीवर आपटून दुखावतात, म्हणून पाठीकडची बाजू. याचा अर्थ असा की चालताना भिंत वाचली जाते ती ब्रेल वाचणाऱ्या संवेदनशील बोटाग्रांनी नव्हे, तर बोटांच्या सांध्यांवरील पातळ त्वचेने, आणि तीही चालीच्या वेगात, क्षणभर. तेथे बारीक नक्षी वाया जाते, टोकदार खडी सांधे सोलते, गुळगुळीत ऑइलपेंट काहीच सांगत नाही, आणि थंडीच्या दिवसांत गार दगडावरून हात मागे घेतला जातो. ज्या देशात वर्षातले बरेच महिने गारठा असतो तेथे हाताला ऊब देणारी भिंत ही मुलाला स्वतःहून चालायला लावणारी भिंत ठरते. हात धरून नेणारे मोठे माणूस सोबत नसताना वर्गापर्यंत पोहोचणे, एवढे एक काम या शाळेत एखाद्या मुलासाठी वर्षभराचे ध्येय असू शकते.

अशा भिंतीला कला म्हणावे की केवळ सोय, हा प्रश्न विचारला जातो आणि तो टाळण्याजोगा नाही. उपयोगी पडणारी वस्तू कला राहत नाही ही समजूत आधुनिक कलादालनांनी दृढ केली. परंतु देवळाचा नंदादीप, वाड्याची कोरीव महिरप, ओटीवरची रांगोळी यांच्या सहवासात वाढलेल्या समाजाला ती मूळची नाही. रांगोळी उंबरठा कोठे आहे हे सांगते आणि सुंदरही असते, आणि ही दोन कामे एकमेकांना उणे करत नाहीत. विशेष शाळेत तर याच्या उलट चूक अधिक महाग पडते. इमारत पूर्ण झाल्यावर उरलेल्या रकमेतून प्रवेशद्वारापाशी एखादे शिल्प बसवले जाते, भिंतींवर ठळक रंगांत प्राणी आणि कार्टूनमधली पात्रे रंगवली जातात, आणि पाहुण्यांना शाळा आनंदी दिसते. ज्या मुलांची दृष्टी डोळ्यांत नव्हे तर मेंदूतील दृष्टिकेंद्रात बाधित आहे, ज्याला मेंदूजन्य दृष्टिदोष म्हणतात, त्यांना गर्दीच्या चित्रातून एखादी आकृती वेगळी काढणे अवघड जाते. त्यांपैकी अनेकांना साध्या काळ्या पार्श्वभूमीवरची एकच पिवळी किंवा लाल वस्तू, विशेषतः ती हलत असेल तर, अधिक सहज दिसते. रंगवलेली भिंत त्यांच्यासाठी गोंगाट असते.

भारतातच, गुजरातेत गांधीनगर येथे, अंध व अल्पदृष्टी मुलांच्या शाळेची २०२१ साली पूर्ण झालेली इमारत या विषयात मोठे शिक्षण देते. आनंद सोनेचा यांच्या ‘सीलॅब’ या अहमदाबादच्या कार्यालयाने ती आखली. मध्ये एक चौक आणि त्याच्या भोवती वर्ग, अशी मांडणी मुलांच्या मनात चटकन ठसेल इतकी साधी ठेवली आहे. वाट दाखवण्याचे काम मुख्यतः गिलाव्याने केले आहे. बोळाच्या लांब बाजूंच्या भिंतींवर आडव्या रेघांचा पोत, आखूड बाजूंवर उभ्या रेघांचा, चौकाकडच्या भिंतीला अर्धगोल उठावाचा, बाहेरच्या अंगाला वाळूचा खरखरीत. हात आडव्या रेघांवरून सुटून उभ्यांवर आला की कोपरा वळला हे मुलाला कळते. पायांखाली सर्वत्र गुळगुळीत कोटा फरशी आहे, मात्र वर्गाच्या दारापाशी तीच फरशी खडबडीत ठेवली आहे, म्हणजे दार आले ही सूचना पाऊलच देते. अल्पदृष्टी मुलांसाठी दारे आणि विजेची बटणे पार्श्वभूमीहून ठळकपणे वेगळ्या रंगांत आहेत, आणि तीव्र प्रकाशाने त्यांचे डोळे दिपतात म्हणून ऊन थेट आत न घेता छतातील झरोक्यांतून आणि छोट्या अंगणांतून गाळून घेतले आहे.

याहून सूक्ष्म गोष्ट छताच्या उंचीची आहे. प्रवेशाच्या बोळात छत ३.६६ मीटर उंच आहे आणि पुढे जाता जाता ते २.२६ मीटरपर्यंत उतरते. उंच, मोकळ्या जागेत पावलांचा आवाज दूर जाऊन सावकाश परततो, ठेंगण्या जागेत तो लगेच आणि भरीव परततो. अंध माणूस हा फरक सतत ऐकत असतो, टाळी किंवा काठीचा ठोका देऊन तो मुद्दाम काढूनही घेतो. मूल येथे स्वतःच्या चालण्याने इमारतीकडून उत्तर मिळवते आणि ते उत्तर ठिकठिकाणी वेगळे असते. कोणतेही यंत्र नाही, वीज नाही, बिघडण्यासारखे काही नाही. ज्या माध्यमात हे घडवले ती पोकळी आहे, आणि शिल्पकाराला पोकळीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

गंध आणि पाणी यांचा वापर मेक्सिको शहरातील इझ्तापालापा या दाट वस्तीच्या भागात मॉरिसिओ रोचा यांनी उभारलेल्या अंध व अल्पदृष्टी व्यक्तींच्या केंद्रात पाहायला मिळतो. २००१ च्या सुमारास पूर्ण झालेल्या या संकुलाच्या मधल्या चौकातून पाण्याची एक पन्हळ वाहते आणि तिच्या आवाजाच्या अनुरोधाने माणसे चालतात. इमारतींच्या काँक्रीटमध्ये हाताच्या उंचीवर आडव्या-उभ्या रेषा आहेत, ज्यांवरून इमारत ओळखू येते. आणि कडेच्या बागांत सहा प्रकारची सुवासिक झाडे-फुले दिशा सांगतात. महाराष्ट्रात अशी बाग करताना घड्याळाचा आणि ऋतूचा विचार आधी करावा लागेल. रातराणीचा वास शाळेच्या वेळेत नसतोच; पारिजातकाचा सडा सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी असतो आणि उन्हे वर आल्यावर संपतो; मोगऱ्याचा बहर उन्हाळ्याचा, म्हणजे नेमका सुट्टीतला. याउलट गवती चहा, पानओवा, तुळस, कढीपत्ता यांची पाने चुरडली की केव्हाही वास देतात, आणि तो वास मुलाच्या कृतीतून निर्माण होत असल्याने त्याचे कारणही मुलाला कळते. काटेरी झाडे वर्ज्यच. कण्हेरही वर्ज्य, कारण ती विषारी आहे आणि अनेक मुले वस्तूची ओळख तोंडात घालून करून घेतात. दोन वासांच्या मध्ये काहीच वास नसलेले पुरेसे अंतर सोडले नाही, तर सगळ्या बागेचा मिळून एकच वास होतो आणि दिशा हरवते.

ध्वनीच्या बाबतीत फ्रान्सच्या बॅशे बंधूंचे काम मोलाचे आहे. बर्नार अभियंता आणि फ्रांस्वा शिल्पकार. दोघांनी १९५० च्या दशकापासून धातूचे पत्रे, सळया आणि काचेच्या कांड्या यांची वाजवता येणारी शिल्पे घडवली, जी १९७० च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनातही मांडली गेली. पुढे त्यांनी मुलांसाठी वाद्यांचा एक संच तयार केला आणि तो दिव्यांग मुलांबरोबरच्या कामातही वापरात आला. त्यातले मर्म असे की ही वाद्ये चुकीची वाजवताच येत नाहीत. ज्याला हात पूर्ण उघडता येत नाही त्याने मूठ लावली तरी नाद उमटतो, आणि तो नाद धातूतून कंपने होऊन अंगापर्यंत येतो, त्यामुळे कर्णबधिर मुलालाही तो पत्र्याला गाल किंवा तळवा लावून अनुभवता येतो.

तथापि शाळेच्या आवारात ध्वनिशिल्प कोठे बसवायचे हा प्रश्न गंभीर आहे, कारण एका मुलाची सोय येथे दुसऱ्याची यातना होऊ शकते. वाऱ्याने आपोआप किणकिणत राहणारी नळ्यांची माळ अंध मुलाला दिशा दाखवेल असे वाटते; प्रत्यक्षात ती त्याच्या पावलांचे प्रतिध्वनी झाकून टाकते. श्रवणयंत्र हवा तो आणि नको तो आवाज मोठा करते, त्यामुळे कडक भिंतींच्या खोलीतील घणघणाट कर्णबधिर मुलाला शिक्षकांच्या शब्दांपासून तोडतो. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना अनपेक्षित आवाज शारीरिक वेदनेसारखा असह्य होतो. म्हणून मुलाने हात लावल्याखेरीज वाजणार नाही आणि हात ठेवताच थांबेल, असेच ध्वनिशिल्प अशा शाळेत असावे, आणि ते वर्गांपासून दूर, ज्याला नको त्याला वळसा घालून जाता येईल अशा जागी असावे.

संवेदनांच्या अतिरेकाचा हा मुद्दा ‘स्नोझेलेन’ या कल्पनेच्या बाबतीतही निघतो. नेदरलँड्समधील हार्टेनबर्ग या संस्थेत यान हुलसेखे आणि आद फेरहुल यांनी १९७० च्या दशकात तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठी मंद प्रकाश, बुडबुड्यांचे स्तंभ, मऊ गाद्या, सुगंध आणि हळुवार संगीत असलेल्या खोल्या तयार केल्या. हुंगणे आणि डुलकी घेणे या अर्थाच्या दोन डच शब्दांच्या मिलाफातून त्यांनी हे नाव घडवले. त्या नावातच विश्रांती आहे, आणि मोकळेपणाने शोध घेण्याची मुभाही. पुढे मात्र अशा खोलीची तयार उपकरणे बाजारात आली आणि अनेक ठिकाणी संवेदी अनुभव म्हणजे कुलूपबंद खोलीत आठवड्यातून एक तास, अशी वाटणी झाली. ज्या मुलाला स्पर्श आणि नाद हीच जगाची भाषा आहे त्याला ती भाषा तासिकेपुरती देणे अन्यायाचे आहे. ती भाषा त्याला जिन्याच्या कठड्यावर, पाण्याच्या नळापाशी, जेवणाच्या ओट्यावर भेटली पाहिजे. सार्वजनिक कलेचा शाळेवरचा खरा उपकार हाच होऊ शकतो, कारण ती मुळातच वाटेवरची कला आहे.

हात लावायची कला झिजते, आणि या एका भीतीपोटी तिचे प्रस्ताव मागे पडतात. जगभरच्या संग्रहालयांनी ‘हात लावू नये’ ही पाटी लावली ती जपणुकीसाठी; इटलीतील अँकोना येथे अल्दो ग्रासिनी आणि दानिएला बोत्तेगोनी या अंध दांपत्याच्या पुढाकाराने १९९३ साली सुरू झालेल्या ओमेरो या स्पर्शसंग्रहालयाने ती पाटी जाणीवपूर्वक काढली. महाराष्ट्राला याचे नवल वाटायला नको. पंढरपुरात विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवण्याची, पदस्पर्श दर्शनाची, परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्या स्पर्शाने मूर्तीची झीज होते, आणि झीज होते म्हणून स्पर्श बंद न करता मूर्तीला वेळोवेळी वज्रलेप केला जातो. शाळेतील भिंतीलाही हाच न्याय लावता येतो. झिजलेला भाग मुलांचे हात कोठे पोहोचतात हे दाखवतो, म्हणून दुरुस्तीपूर्वी त्याची नोंद घ्यावी. आणि दुरुस्तीचा खर्च कलाकृतीच्या किमतीतच आरंभी धरावा. देणगीदाराच्या नावाचा फलक लागलेली, पण तीन वर्षांत फाटलेली आणि कोणाच्याच अंदाजपत्रकात नसलेली संवेदी भिंत मुलांना रिकाम्या भिंतीहूनही वाईट, कारण ती चुकीची खूण देत राहते.

खूण खरी असणे याला या मुलांच्या शिक्षणात केवढे महत्त्व आहे हे संदर्भवस्तूंच्या पद्धतीवरून दिसते. बहिरांध मुलाला पुढे काय घडणार आहे हे शब्दांनी सांगता येत नाही, म्हणून त्या कामाशी जोडलेली एकच वस्तू प्रत्येक वेळी त्याच्या हातात दिली जाते : जेवणाआधी चमचा, पोहण्याआधी टॉवेलचा तुकडा. शेकडो वेळा तेच घडल्यावर चमचा म्हणजे जेवण हा अर्थ त्याच्या मनात धरतो, आणि भाषेचा पाया तेथे पडतो. कलाकाराने जेवणघराच्या दारावर त्या चमच्याचाच मोठा उठाव बसवला, तर दार त्या मुलाशी आधीच ठाऊक असलेल्या शब्दात बोलते. त्याऐवजी त्याने तेथे स्वतःच्या कल्पनेतला मासा बसवला, तर तो कितीही देखणा असला तरी मुलासाठी निरर्थक राहतो. म्हणून कलाकाराने आराखडा काढण्यापूर्वी काही आठवडे शाळेत नुसते बसणे, शिक्षिका, सेविका आणि पालक यांच्याकडून प्रत्येक मुलाच्या खुणा समजून घेणे, हा कामाचा पहिला आणि मोबदला देण्याजोगा टप्पा मानला पाहिजे. उंचीही तेथेच ठरते, कारण काठी घेऊन चालणाऱ्या मुलाची कंबर, व्हीलचेअरमधील मुलाचा खांदा आणि दिवसाचा बराच वेळ गादीवर आडव्या असलेल्या मुलाच्या डोळ्यांपुढचे छत या तीन वेगवेगळ्या पातळ्या आहेत, आणि तिसरी बहुतेक आराखड्यांतून सुटते.

गांधीनगरच्या भिंतींचे साधन सिमेंट, वाळू आणि गवंड्याचा हात एवढेच आहे, त्यामुळे हे काम जिल्ह्याच्या गावातील अनुदानित शाळेच्याही आवाक्यातले आहे. सुरुवात फूटभर चौकोनाच्या नमुन्यांनी करता येते : एका जुन्या फळीवर गिलाव्याचे पाच-सहा वेगळे पोत काढायचे, ते सुकू द्यायचे, आणि फळी बोळात मुलांच्या कमरेच्या उंचीला टांगून ठेवायची. कोणत्या चौकोनावर हात रेंगाळतो, कोणत्यावरून तो झटकला जातो, कोणते दोन पोत प्रौढाच्या डोळ्याला वेगळे पण मुलाच्या सांध्यांना सारखेच लागतात, हे त्या फळीपाशी पंधरा दिवसांत कळते. मग गवंडी भिंतीला हात घालतो, आणि गिलावा ओला असेपर्यंत, म्हणजे जेमतेम तासा-दोन तासांत, रेघेची खोली कमीजास्त करता येते; त्या वेळी हातमोजे घातलेले शाळेतले एखादे मोठे मूल त्याच्या शेजारी उभे असावे, कारण आणखी खोल हवी की पुरे, हे त्यालाच सांगता येते.